ताकदीची सलाईन

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जो येई तो आधी माझ्या बहिणीच्या पोटाकडे बघे आणि मग तिच्या तोंडाकडे. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेली होती आणि कळांचा पत्ता नव्हता. एवढ्या एका गोष्टीवर आख्ख्या गल्लीला बोलायचा हक्क मिळाला होता.

"अजून नाई?" असं म्हणतच बाया फाटक उघडत.

एकीचं म्हणणं, अननस द्या, पुरा एक. दुसरी तिला तिथंच खोडून काढी, अननसानं काही होत नाही, कच्ची पपई पाहिजे. तिसरी गरम दुधात तूप टाकायला सांगे. समोरच्या घरातल्या काकूंचा मात्र सगळा भर फरशीवर होता.

"खाली बसून फरशी पुसायले लाव तिले," त्या आईला म्हणायच्या. "आजकालच्या पोट्ट्या दांड्याच्या पोछ्यानं पुसतात, म्हणून अडतात बरं. आमच्या टायमाले कोनी अडत नव्हतं."

ताई कूलरसमोर पाय पसरून बसलेली असे. "सगळं एकदमच करते ना काकू," ती म्हणे. "अननस खात खात पायऱ्या चढीन अन् गच्चीवर जाऊन फरशी पुशीन."

काकू हसत. ताईही हसे. मला हसू येत नसे. कोणी एकीनेही तिला विचारलं नव्हतं, बाई, तुला कसं वाटून राहिलं? पोट सगळ्यांचं होतं, पाठ दुखत होती ती तेवढी तिची.

आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. कामाचे तास, सुरक्षेची साधनं, लसीकरण, बुवाबाजी, हुंडा, काय वाटेल त्यावर. छापून आलेल्या पत्रकांच्या आम्ही दोघी बहिणी जमिनीवर बसून घड्या घालत असू. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. पत्रकात जग सोपं असतं. एक आपली बाजू, एक त्यांची. आपल्या बाजूला विज्ञान, डॉक्टर, बाईचा हक्क. त्यांच्या बाजूला मुहूर्त, गंडेदोरे, कोणीतरी दिलेला काढा. ही वाटणी मला अजूनही बरीचशी मान्य आहे. पण त्या आठवड्यात डॉक्टर आणि मुहूर्त एकमेकांशेजारी जाऊन बसले, आणि माझ्या बहिणीच्या बाजूला कोणी उरलंच नाही.

तसं सुरुवातीला सगळं ठीक होतं. तारीख उलटल्यावर आम्ही तपासणीला गेलो, तेव्हा प्रसूतिगृहाच्या डॉक्टर मॅडमनी नीट समजावून सांगितलं होतं. बाळ छान आहे, पाणी छान आहे, हालचाल आहे, थांबू. हालचाल कमी वाटली तर तसंच उठून यायचं. फार थांबणंही बाळाला बरं नसतं, म्हणून पुढच्या तपासणीत पाहू. गरज वाटली तर कळा सुरू करायचं औषध देऊ. मला मॅडम आवडल्या. त्यांच्या बोलण्यात भीती घालणं नव्हतं आणि खोटा धीरही नव्हता. ताई परतताना रिक्षात म्हणाली, "पहिल्यांदा कोनीतरी माणसासारखं बोललं माह्याशी."

आणि मग सावनेरहून फोन आला.

ताईच्या सासूबाई, आईच्या विहीणबाई. भाऊजी तिकडे कोळशाच्या खाणीत नोकरीला, त्यांची ड्युटी बदलती, म्हणून बोलायचं ते सगळं त्यांच्या आईच बोलत. आईने फोन स्पीकरवर टाकला, कारण ती हाताने चिंच कोळत होती.

"परवा अक्षयतृतीया हाय, विहीणबाई. साडेतीन मुहूर्तातला दिवस. त्या दिवशी झालं पाहिजे बाप्पा. मी मॅडमशी बोलली."

"बोलल्या?" आईने हात थांबवला.

"हाव. सकाळी या म्हनल्या. त्या दिवसाले आनखीही बाया हायत म्हने. पन शिझर नाई हं, सांगून ठेवते. नॉर्मलच पाहिजे. आमच्या घरी कोनाचं शिझर नाई झालं आजपर्यंत."

"तुम्ही म्हणता तसं," आई म्हणाली.

फोन ताईच्या मांडीला लागून ठेवलेला होता. विहीणबाईंनी आईला उन्हात निघू नका म्हणून सांगितलं, बाबांची चौकशी केली, आंब्यांचं विचारलं आणि फोन ठेवला.

ताई त्या बंद फोनकडे पाहून म्हणाली, "ते माह्याच पोटात हाय ना वं? का सावनेरले हाय?"

आईने परत चिंचेत हात घातला. तिची अडचण मला कळत होती आणि त्याचाच जास्त राग येत होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली पद्धत. लोक त्याला माहेरचं सुख म्हणतात. खरं तर त्या तीन-चार महिन्यांत मुलीची आई जितकी घाबरलेली असते तितकी मुलगीही नसते. सासरची वस्तू जणू सांभाळायला दिलेली. तिला काही झालं तर आयुष्यभर बोल लागणार. म्हणून सासरहून जो हुकूम येईल तो आई मान खाली घालून पाळत होती. काही वाकडं झालंच तर 'तुम्हीच सांगितलं होतं' म्हणता यावं, एवढीच तिची ढाल.

मी बाहेरच्या खोलीत बाबांकडे गेले.

"बाबा, तुम्ही बोला मॅडमशी. काल-परवा थांबा म्हणत होत्या. मधल्या काळात ताईला काही झालं नाही. फक्त मुहूर्त निघाला."

"डॉक्टर आहेत त्या," बाबा म्हणाले. "हो म्हणाल्या म्हणजे विचार करूनच म्हणाल्या असतील."

"मुहूर्ताविरुद्ध पत्रक तुम्हीच लिहिलं होतं ना?"

"ते लग्नाच्या मुहूर्ताबद्दल होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, बायकांच्या गोष्टी आहेत. तुझी आई पाहून घेईल."

बायकांच्या गोष्टी! बाईच्या हक्कावर त्यांनी लिहिलेल्या ओळी मला पाठ होत्या. त्यांच्या घड्या मी घातल्या होत्या. कारखान्यात मशीनला जाळी लावलेली नसेल तर हा माणूस मालकाच्या दारात जाऊन उभा राहायचा. आणि स्वतःच्या मुलीच्या शरीराचा प्रश्न आला तेव्हा त्याला चष्मा पुसावासा वाटला.

विहीणबाई आदल्या दिवशी दुपारीच सावनेरच्या एसटीने आल्या. चांगली बाई. मी हे मुद्दाम लिहिते, कारण राग आला की आपण माणसाला एकदम राक्षस करून टाकतो. त्यांनी ताईच्या पायांना तेल चोळलं. तिच्यासाठी मऊ सुती गाऊन शिवून आणले होते. आणि पिशवीच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, एरंडेलाची बाटली होती.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा गरम दुधाच्या पेल्यात ते ओतणं चाललं होतं. तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही, जड आणि तेलकट.

"हे काय?" मी विचारलं.

"एरंडेल," विहीणबाई म्हणाल्या. "पोट साफ झालं की पोरगं खाली सरकते अन् कळा धरते. तिकडं त्या देतील ते देतील, आपन आपलं करून जायचं. नैसर्गिक हाय, काई होत नाई त्यानं."

"काही होत नसेल तर कशाला देता?"

"बाप्पा! किती तोंड हाय या पोट्टीले. विहीणबाई, हिच्या लग्नाचं कठीन हाय बरं."

आई कसंनुसं हसली.

"मॅडमना विचारलं का?"

"त्याईले कायले विचारायचं? ओरडतात त्या. मागं आमच्या गावच्या एकीनं सांगतलं होतं त केवढ्या ओरडल्या, पुऱ्या दवाखान्यासमोर. तिथं बोलायचं नाई कोनी."

ताईने पेला हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात पिऊन टाकला. नंतर मी तिला विचारलं, काहून प्यायलीस? ती म्हणाली, "भांडायची ताकद राहिली नव्हती वं. पिणं सोपं होतं."

'नैसर्गिक हाय, काई होत नाई.' हे वाक्य मी त्यानंतर इतक्या ठिकाणी ऐकलं आहे, शिकलेल्यांच्या तोंडून, न शिकलेल्यांच्या तोंडून, मोबाईलवरच्या व्हिडिओत, की आता ते ऐकलं की माझं डोकं तापतं. धोतऱ्याचं बी नैसर्गिक आहे. विंचू नैसर्गिक आहे. नागपूरचा मे महिना नैसर्गिक आहे, आणि त्याने दरवर्षी माणसं मरतात. साधी गोष्ट आहे: एखाद्या वस्तूने खरंच कळा येत असतील, तर ते औषध झालं. मग ते किती द्यायचं, कोणाला द्यायचं नाही आणि दिल्यावर लक्ष कोणी ठेवायचं, हे प्रश्न आलेच. आणि त्याने काही होत नसेल, तर अवघडलेल्या बाईच्या नरड्यात ते ओतायचं कारण काय? अननस खाऊन फार तर तोंड सोलवटेल. चालण्याने पाय मोकळे होतील. पण एरंडेलाने उन्हाळ्याच्या दिवसांत जुलाब लागले तर अंगातलं पाणी जातं, आणि कळा आल्याच तर त्या कशा येतील ते पेला देणाऱ्याला माहीत नसतं.

प्रसूतिगृहात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मुहूर्त काही एकट्या आमच्या विहीणबाईंना सुचला नव्हता. बाकांवर पोटुशा बाया, त्यांच्या सासवा, डबे, उशा. भिंतीवर गर्भाच्या वाढीची रंगीत चित्रं आणि शेजारी कोणीतरी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. एका सिस्टरला सगळीकडे धावावं लागत होतं.

"काही खाल्लं का सकाळी?" तिने ताईला विचारलं.

"उपाशी हाय," आई म्हणाली.

"दूध घेतलंय," मी म्हणाले, "आणि त्या दुधात..."

"दूध चालते," म्हणून सिस्टर पुढच्या बाईकडे वळली होती.

मॅडम आल्या, तपासून गेल्या. आत एक गोळी ठेवली गेली. काय ठेवलं, कशासाठी, ते ताईला कोणी सांगितलं नाही. चार दिवसांआधी जी बाई सगळं माणसासारखं समजावत होती तिला आज मान वर करायला वेळ नव्हता. नंतर सिस्टर सलाईन लावायला आली. बाटलीत तिने सुईने काहीतरी टाकलं.

"सिस्टर, हे काय आहे?"

"ताकदीची सलाईन."

"तुम्ही आत्ता त्यात इंजेक्शन टाकलं."

"ते पण ताकदीचंच." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण? बहीण? लग्न झालं का?"

"लग्नाचा काय संबंध? ऐका ना, तिला सकाळपासून जुलाब होताहेत. तिने एरंडेल..."

"घाबरून होतात, सगळ्यांनाच होतात. बाहेर बसा तुम्ही. कुवाऱ्या मुली हे पाहतात अन् मग लग्नच नको म्हणतात."

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. विहीणबाईंनी मला डोळ्यांनी दार दाखवलं. आईने माझं मनगट धरलं होतं, आणि तिची नखं मला रुतत होती.

ताकदीची सलाईन! घरी दिलं ते पोट हलकं करायला, दवाखान्यात दिलं ते ताकदीसाठी. कळा सुरू करण्यासाठी देत आहोत, हे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांपैकी एकानेही त्या बाईला तिच्या तोंडावर सांगितलं नाही. ताई पदवीधर होती. तिला मराठी कळत होतं.

मला बाहेर काढलं खरं, पण थोड्याच वेळात परत बोलावलं. ताईला सारखं संडासला जावं लागत होतं आणि सलाईनची बाटली उंच धरून बरोबर चालायला कोणीतरी हवं होतं. आईचा खांदा दुखत होता, विहीणबाईंना हात वर होत नव्हता. तेवढ्या कामापुरती मी कुवारी नव्हते. मी बाटली धरून संडासाच्या दाराशी उभी राहायची आणि आतून ताईचा आवाज यायचा. आधी कण्हणं, मग नुसता श्वास.

"मधी थांबतच नाई वं," बाहेर येऊन भिंतीला टेकून ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "एक जायच्या आधी दुसरी येते. मधी श्वास घ्यायलेही जागा नाई."

"असंच असते," आई म्हणाली.

"चांगलंच हाय ना," विहीणबाई म्हणाल्या. "लवकर सुटशील. गोड बातमी घेऊन जाईन मी आजच्या दिवशी."

मी ताईसाठी पाणी मागितलं तर तिला पाणी देऊ नका म्हणाले. मी सिस्टरला परत सांगायला गेले तर ती दुसऱ्या खोलीत एका बाईचं बाळंतपण करत होती. आत येऊ नका, असं ओरडली, आणि त्या क्षणी ते बरोबरच होतं. मी परत आले. जरा वेळाने ती स्वतःच आली, ठोके ऐकायचं छोटं यंत्र ताईच्या पोटावर टेकवलं. शिलाई मशीन भरधाव चालावी तसा आवाज सुरू झाला. मग ताईला मोठी कळ आली, आणि तो आवाज मंद होत गेला. जोर कमी झालेल्या पायाने कोणी मशीन दाबावी तसा, एकेक टाका मोजून. कळ संपली तरी तो वर आला नाही.

सिस्टरच्या चेहऱ्यावरून सगळी चेष्टा गेली. "मॅडम!" तिने हाक मारली ती आख्ख्या मजल्यावर ऐकू गेली.

मॅडम आल्या, यंत्र स्वतःच्या हातात घेतलं. आईने पुन्हा माझ्या मनगटाला हात घातला. मी तो झटकला.

"मॅडम, तिने सकाळी एरंडेल घेतलंय. दुधातून. पेलाभर. तेव्हापासून जुलाब चालू आहेत. तुमची गोळी आणि ही सलाईन त्यावर आहे."

फक्त तो आवाज, सावकाश.

"थोडंसंच होतं बाप्पा," विहीणबाई म्हणाल्या.

मॅडमनी ताईला विचारलं, "खरं आहे?"

ताईने मान हलवली. "हो. तुम्ही ओरडाल म्हणून सांगायचं नव्हतं."

त्यानंतर मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी सलाईन स्वतः बंद केली, दुसरी लावायला सांगितली, ताईला डाव्या कुशीवर वळवलं, गर्भाशय सैल पडायचं इंजेक्शन मागवलं आणि ऑपरेशनची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. हे सगळं करताना त्या बोलत होत्या, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता. "एरंडेलाने कळा येतात, गोळीने येतात, बाटलीतल्या औषधाने येतात. सगळं एकावर एक. गर्भाशय मध्ये सैलच पडत नाही. सैल पडलं नाही तर बाळाला रक्त कसं पोचणार? त्यात हिच्या अंगातलं पाणी गेलेलं."

ताईने माझा हात धरला. "जाते का वं ते?" तिने विचारलं. ती बाळाबद्दल विचारत होती. माझ्या आयुष्यात वाचलेल्या एकाही पत्रकात त्याचं उत्तर नव्हतं.

यंत्र पोटावर धरलेलंच होतं. आम्ही सगळ्या त्याच्याकडे पाहत होतो, जणू आवाज डोळ्यांनी दिसतो. विहीणबाईंचे ओठ हलत होते. पुढची कळ आली, गेली, आणि तिच्यामागे पहिल्यांदाच थोडी मोकळी जागा राहिली. ताईने त्या जागेत एक पूर्ण श्वास घेतला. टाके हळूहळू वेग धरू लागले. मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले.

"आता ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मी हलणार नाही इथून." आणि खरंच हलल्या नाहीत. बाहेर बाकावरच्या सासवा विचारायला येत होत्या, आमची कधी, आमचीचा नंबर कधी. त्यांना सिस्टर परत पाठवत होती.

तेवढ्या वेळातच आमचं भांडण झालं. भांडणाची ती वेळ नव्हती, पण मला राहवलं नाही.

"एवढी मोठी गोष्ट, तुम्ही आधी का नाही सांगितली?" मॅडमनी मला विचारलं.

"सांगितली. दोनदा. मला बाहेर बसवलं. लग्न झालेलं नाही ना माझं."

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने खाली पाहिलं.

"मला माहीत असतं तर मी आज गोळी ठेवलीच नसती," त्या म्हणाल्या.

"आणि आज अक्षयतृतीया नसती तर ठेवली असती का?"

आई म्हणाली, "गप वं!" पण मी गप्प बसले नाही. "तुम्हीच म्हणाला होता थांबू. तिच्यात काय बदललं मधल्या दिवसांत? तिला विचारलं तुम्ही? ताकदीची सलाईन म्हणून काय लावलं, तेही तिला माहीत नाही. या लपवतात, कारण तुम्ही ओरडता. तुम्ही लपवता, कारण..." पुढे मला शब्द सापडला नाही. "का लपवता?"

मॅडमनी पोटावर यंत्र जरा सरकवून ठोके ऐकले. मग म्हणाल्या, "नाही म्हटलं तर लोक समोरच्या दवाखान्यात जातात. तिथे मग असं शेजारी बसूनही कोणी राहत नाही." आणि थोड्या वेळाने, "हे कारण चांगलं नाही, मला माहीत आहे."

मला तो प्रामाणिकपणा वाटला आणि त्याने माझा राग जराही कमी झाला नाही. चांगल्या डॉक्टरला नाही म्हणता येत नसेल, तर त्या चांगुलपणाची किंमत खाटेवरची बाई देते.

मी औषधाच्या विरोधात नाही. ज्या दिवशी ताईच्या बाळाची हालचाल कमी झाली असती, किंवा थांबणं धोक्याचं झालं असतं, त्या दिवशी मी स्वतः तिला उचलून तिथे नेलं असतं आणि तीच गोळी, तीच बाटली द्या म्हणून भांडले असते. त्या औषधाने किती बाया आणि किती बाळं वाचली असतील. पण ते औषध पंचांग पाहून द्यायचं नसतं, आणि खोट्या नावाने तर नाहीच.

ऊन उतरता उतरता बाळ झालं. मुलगी. ती लगेच रडली नाही. पाठ चोळली, नाकाला नळी लावली, आणि आम्ही सगळ्या तिच्या रडण्याची वाट पाहत उभ्या होतो. मग ती रडली, बारीक, चिडल्यासारखी. तिला लक्ष ठेवायला म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं, आणि ताईला ती दुसऱ्या दिवशी दुपारी हातात मिळाली. तोपर्यंत ताई भिंतीकडे तोंड करून पडून होती. भाऊजी आले, पेढे घेऊन. बाबा आले, दाराशी उभे राहिले. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि परत तोंड फिरवलं. त्यांना ते कळलं असावं. ते बराच वेळ तिथेच उभे होते.

बाकावर विहीणबाई फोनवर सांगत होत्या, "आपल्या घरच्या एरंडेलानं झालं बाप्पा, नॉर्मल, अन् मुहूर्तावर." आतल्या खोलीत सिस्टर एका नव्या बाईच्या सासूला सांगत होती, "बघा, काल त्या ताईंचं सलाईननं कसं पटकन झालं." मी मधल्या पॅसेजमध्ये उभी होते, दोन्ही ऐकत. श्रेय घ्यायला दोन्हीकडून माणसं होती. ज्या मिनिटांत तो आवाज मंद होत गेला त्यांचं नाव कोणीच काढत नव्हतं.

बारशाच्या आधी समोरच्या काकूंची सून बाळ पाहायला आली. तिचेही दिवस भरत आले होते, बाळंतपण इथेच व्हायचं होतं. ती पलंगाच्या काठावर जपून टेकली, बाळाच्या मुठीत बोट दिलं आणि हळूच विचारलं, "ताई, तुम्ही काय घेतलं होतं वं? आमच्या आई म्हनतात तुमचं लवकर सुटलं."

आई पोळ्या लाटता लाटता थांबली. "काही नाही, ते आपलं घरचंच..." ती म्हणाली.

"आई," ताई म्हणाली. एवढंच. आईने परत लाटणं फिरवलं.

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे तोवर सगळं लिहून काढण्याइतका राग साठला होता. पण ताईने बाळ माझ्या हातात दिलं आणि स्वतः उठून बसली.

"मी एरंडेल पेली होती," ती त्या पोरीला म्हणाली. "वर गोळी, वर सलाईन. हिचे ठोके बसत चालले होते. मी ऐकले. तुले कोनी सांगणार नाई, म्हणून मी सांगून राहिली."

त्या पोरीचा हात स्वतःच्या पोटावर गेला. "मंग मी काय करू?"

"तारीख उलटली तर दवाखान्यात जाय. थांबायचं का नाई, विचार. काहून, तेही विचार. हाताले काही लावलं तर त्याचं नाव विचार. ताकदीचं म्हनले तर पुन्हा विचार. अन् घरी कोनी काही पाजलं, तर तिथं पहिले ते सांग."

"ओरडतील ना मॅडम."

"ओरडतील," ताई म्हणाली. "अन् काकू म्हनतील उलटून बोलते. दोघीईले बोलू दे. पोट तुहं हाय."

त्या पोरीने पदर सावरला आणि विचारलं, "नाव विचारलं तरी ते लक्षात राहीन का माह्या?"

ताईने माझ्याकडे हात केला. "हिले घेऊन जाय सोबत. हिले बाहेर बसवतात, पन ही बसत नाई."